घर घेण्याआधी एक पावसाळा तिथे भाड्याने राहा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परळ-दादरला नाहीतर ठाण्याला नोकरी करणारी, नुकतं लग्न झालेली किंवा ठरलेली मुलं आमच्याकडे आली की हमखास विचारतात, "बदलापूरला घर घेऊ का?" सध्या माझी भाची आणि तिचा नवरा याच विचारात आहेत. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. अंबरनाथ, वांगणी, नेरळ, टिटवाळा, आसनगाव इथे घर शोधणाऱ्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

घर जरूर घ्या, पण त्याआधी त्याच भागात वर्षभर भाड्याने राहा. आणि त्या वर्षात एक अख्खा पावसाळा आलाच पाहिजे.

भाडं म्हणजे वाया गेलेले पैसे, असं घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. मला ते पटत नाही. ३० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर महिन्याचा हप्ता २६ हजारांच्या आसपास बसतो आणि मुद्दल सोडून नुसतं व्याजच ३२ लाखांवर जातं. आमच्या आजूबाजूला तेवढाच वन बीएचके त्या हप्त्याच्या निम्म्याहून कमी भाड्यात मिळतो. वीस वर्षांचा बोजा डोक्यावर घेण्याआधी वर्षभराचं भाडं खर्च करून गाव पाहून घेतलं, तर त्यात काही वाया गेलं असं मला वाटत नाही.

पाहायचं काय, तर पहिली नदी. उल्हास नदी बदलापूरला लागूनच वाहते. इथे ऊन पडलेलं असतं आणि तिकडे खंडाळा-कर्जतला रात्रभर कोसळलेला असतो, मग दुपारपर्यंत इथलं पाणी चढतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या जुलैत रमेशवाडी, हेंद्रेपाडा या पश्चिमेच्या भागांत काय झालं ते तिथल्या तळमजल्यावरच्या कोणालाही विचारा. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. जलसंपदा विभाग नदीच्या पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. म्हणजे तिथली जुनी इमारत आज स्वस्तात मिळाली, तरी उद्या पुनर्विकासाची वेळ आली की घोडं अडू शकतं. हे सॅम्पल फ्लॅट दाखवणारा माणूस आपणहून सांगत नाही. नगरपरिषदेच्या नगररचना विभागात सर्व्हे नंबर घेऊन गेलं तर कळतं.

दुसरं पिण्याचं पाणी. एप्रिल-मे महिन्यात नळाला किती वेळ पाणी येतं आणि कोणत्या मजल्यापर्यंत चढतं, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा. टँकर येतो का आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, तेही विचारा. नदी शेजारी असली म्हणून नवीन संकुलात पाणी असतंच असं नाही.

तिसरी लोकल. ज्यांना रोज जायचंय त्यांनी यावर सर्वात जास्त विचार करावा. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर, गाडीत दीड तासाच्या आसपास. कल्याणपुढे कर्जतकडे दोनच मार्ग आहेत आणि त्यांवरूनच लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, काम चालू आहे. कर्जत-खोपोलीहून येणारी गाडी इथे भरूनच येते, बसायला मिळतं ते बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये, आणि त्या मोजक्याच. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या लोकलमधून माणसं रुळांवर पडून मेली. स्वस्त घराच्या हिशेबात हा धोका कोणी धरत नाही. म्हणून भाचीला सांगितलं, रविवारी दुपारी रिकाम्या गाडीने येऊन ठरवू नका. सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला इथून गाडीत चढून बघा, संध्याकाळी सातला दादरहून परत या, आणि असं काही महिने करा. जाहिरातीतल्या मेट्रोच्या भरवशावर राहू नका. कांजूरमार्ग ते बदलापूर मेट्रो अजून धावत नाही, पण तिच्या नावाने दर मात्र आताच वाढवून मागतात.

कागदपत्रांबद्दल लिहावं तेवढं थोडं आहे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बांधकाम परवानग्या बनावट निघाल्या, त्याच बनावट कागदांवर महारेराचे, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे, क्रमांकही मिळवले गेले होते. २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात ४१ इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या लोकांनी पोटाला चिमटा काढून पैसे भरले होते. त्यामुळे जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड स्कॅन करून थांबू नका. बांधकाम परवानगीचा क्रमांक नगरपरिषदेत प्रत्यक्ष पडताळा, सातबारा आणि जमीन बिनशेती झाल्याचे कागद बघा, आपल्या वकिलाकडून जमिनीच्या मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च करून घ्या. बिल्डरचा वकील बिल्डरचा असतो. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागितली तर रेरा कायद्याप्रमाणे ते बेकायदा आहे, तिथूनच उठावं. माझा कल भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या तयार घराकडे आहे. त्यावर जीएसटी लागत नाही, आणि भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम भरत ताब्याची वाट बघावी लागत नाही.

इतकं सांगूनही मी कोणाला येऊ नका म्हणणार नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातून, आणि पुढे गिरगाव-दादरच्या चाळींतूनही, किती मराठी कुटुंबं डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरला आली. त्यांनी इथे शाळा, वाचनालयं, गणेशोत्सव उभे केले. दर अकरा महिन्यांनी नवा करार, भाडेवाढ आणि मुलांची बदललेली शाळा सोसणाऱ्या बाईला स्वतःच्या दाराची किल्ली हवीशी वाटते. ती तिला मिळालीच पाहिजे. पण आयुष्याची पुंजी घालणाऱ्या माणसाला नदी, पाणी आणि परवानगीची माहिती दारोदार फिरून गोळा करावी लागते, याचा मला राग येतो.

जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड २०२३ पासून सक्तीचा आहे. त्याच्या शेजारी आणखी तीन ओळी सक्तीच्या करा, अशी माझी शासनाकडे मागणी आहे: जमीन पूररेषेच्या आत की बाहेर, पाण्याची जोडणी मंजूर झाली आहे का, आणि बांधकाम परवानगीचा असा क्रमांक, जो नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येईल. शासन आदेश काढेपर्यंत वर्तमानपत्रांनी निदान या तीन ओळी मागून घेतल्याशिवाय गृहप्रकल्पांच्या जाहिराती छापू नयेत. आपण ही सुरुवात करावी, ही विनंती.

आपली,
एक वाचिका, बदलापूर (पूर्व)