मार्लेच्या सावलीतला टॉश

संपादक महोदय,
जमैकाचे रेगे संगीत म्हटले की आपल्याकडे बॉब मार्लेचे टी-शर्ट दिसतात. पीटर टॉशचे नाव कुणी काढत नाही. वास्तविक मार्लेला गिटारचे धडे दिले ते यानेच. 'गेट अप, स्टँड अप' दोघांनी मिळून लिहिले. १९७४ मध्ये टॉशने दोघांचा 'वेलर्स' हा बँड सोडला. १९७८ मध्ये जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनच्या शांतता मैफलीत, तिथले पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते समोर बसलेले असताना या गड्याने मंचावरून दोघांनाही फैलावर घेतले (आपले कलावंत अशा वेळी शाल-श्रीफळ घेऊन परततात!). काही महिन्यांतच पोलिसांनी त्याला बेदम मारले. तरी पुढे तो बंदुकीच्या आकाराची गिटार घेऊन गायलाच. १९८७ मध्ये घरात शिरलेल्या बंदूकधाऱ्यांनी त्याचा जीव घेतला. ग्रॅमी हा संगीत पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. आकाशवाणीने त्याची गाणी कधीतरी ऐकवावीत.
– एक श्रोता, ठाणे