कुत्रा देताना खरे सांगा, पूर्ण सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पाळीव कुत्रा चांगल्या घरी मोफत देणे आहे’ अशी छोटी जाहिरात वृत्तपत्रांत अधूनमधून दिसते. खाली फक्त फोन नंबर असतो. कुत्र्याचे वय किती, स्वभाव कसा, देण्याचे कारण काय, याचा पत्ता नसतो. घर सुटलेल्या कुत्र्यांना दुसरे घर मिळवून देण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कुत्रा देणारा प्रत्येक जण निर्दयी नसतो. मालकाचे निधन होते, कुणी अंथरुणाला खिळते, बदली होते, नव्या घराचा मालक प्राणी ठेवू देत नाही. अशा माणसांना बोल लावून कुत्र्याचे काहीच भले होत नाही. उलट लोक काय म्हणतील या भीतीने ती खरे कारण लपवतात. मग कुत्रा ‘अगदी शांत, कुणालाही काही करत नाही’ असा होऊन पुढच्या घरी जातो. तिथे लहान मूल त्याच्या ताटलीजवळ जाते, तो गुरगुरतो किंवा चावतो, आणि परत येतो. परत आलेल्या कुत्र्याला तिसरे घर मिळणे किती अवघड असते, हे मी जवळून पाहते. तो जेवताना कुणाला जवळ येऊ देत नाही, एवढे आधीच सांगितले असते, तर लहान मुले नसलेल्या घरी तो सुखाने राहिला असता. कुत्रा पूर्वी कुणाला चावला असेल, तर ते लपवणे हा नव्या घरातल्या माणसांवर सरळ अन्याय आहे. कधी, कुणाला, कशामुळे, जखम किती खोल, सगळे सांगायला हवे. एकटा राहिला की दार ओरबाडतो, फटाक्यांना घाबरतो, मांजर दिसले की सुटतो, हेही सांगावे. यातली प्रत्येक गोष्ट चालणारे घर कुठेतरी असते. आधी न कळल्यामुळेच बहुतेक ठिकाणी बिनसते.

काही वेळा तर देण्याची गरजच नसते. घरात बाळ येणार म्हणून कुत्रा हलवणारी कितीतरी कुटुंबे मी पाहते. टॉक्सोप्लाझ्मोसिसची, म्हणजे गरोदरपणात गर्भाला इजा करू शकणाऱ्या एका परजीवीच्या संसर्गाची धास्ती हे त्यांतले एक कारण. पण त्या परजीवीची संसर्ग पसरवणारी अंडी मांजरवर्गातल्या प्राण्यांच्या विष्ठेतूनच बाहेर पडतात. कुत्र्याच्या आतड्यात ती तयार होत नाहीत. बाळ आणि कुत्रा यांना एकटे सोडायचे नाही, ही काळजी वेगळी आणि ती घ्यायलाच हवी. तसेच वयस्क कुत्रा अचानक चिडचिडा झाला, अंगाला हात लावू देईना, घरात लघवी करू लागला, तर आधी पशुवैद्याला दाखवा. सांध्यांचे दुखणे, किडलेले दात, कानाचा संसर्ग किंवा मूत्रमार्गाचा आजार निघू शकतो. उपचार झाले की कुत्रा पूर्ववत झाल्याचे मी पाहिले आहे.

तरीही द्यायचेच ठरले, तर हाताशी वेळ ठेवून सुरुवात करावी. घर सोडायच्या आठवड्यात शोध सुरू केला की पहिला हो म्हणेल त्याच्या हाती पट्टा दिला जातो. निर्बीजीकरण न झालेली चांगल्या जातीची मादी मोफत मिळते म्हटल्यावर कोण धावून येते, हे सांगायला नको. तिचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो, आणि पैदाशीसाठी तिला नेणारा तिला वेतामागून वेत काढायला लावतो. म्हणून देण्याआधीच शस्त्रक्रिया उरकावी. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही त्याने टळतो. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो या रोगांवरच्या लशींच्या नोंदींचे कार्ड सोबत द्यावे. मायक्रोचिप (ओळख पटवण्यासाठी कातडीखाली बसवायची बारीक चिप) बसवली असेल, तर तिच्या पंधरा अंकी क्रमांकापुढे नव्या मालकाचे नाव आणि फोन नोंदवल्याशिवाय तिचा उपयोग नाही. कुत्रा हरवला तर फोन जुन्याच घरी जायचा.

नेणाऱ्याला प्रश्न विचारायला लोकांना संकोच वाटतो. फुकट देतोय आणि वर चौकशी कशी करायची, असे म्हणतात. माझ्या मते चौकशी केलीच पाहिजे. दिवसभर घरी कोण असते? घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी आहे का? घरातल्या सगळ्यांना कुत्रा हवा आहे की एकालाच? आधीचा कुत्रा असेल तर त्याचे काय झाले? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून खूप कळते. जमले तर त्यांचे घर स्वतः पाहून यावे. ज्याला खरोखर कुत्रा हवा असतो तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट स्वतःच दहा प्रश्न विचारतो. त्यांच्याकडे आधीच कुत्रा असेल, तर दोघांची पहिली गाठ घराबाहेर, मोकळ्या जागी घालावी.

सोपवताना नवे अंथरूण घेऊन देऊ नका. जुने, न धुतलेलेच द्या. कुत्र्याचे जग बरेचसे वासाचे असते, आणि ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. रोजचे खाणेही थोडे सोबत द्यावे आणि आठवडाभरात हळूहळू बदलावे, नाहीतर पोट बिघडते. सुरुवातीच्या दिवसांत तो जुने घर शोधायला पळतो, म्हणून बाहेर नेताना पट्टा सोडायचा नाही आणि दार उघडे ठेवायचे नाही, हे नव्या मंडळींना बजावून सांगावे. या कामातली माणसे ढोबळ हिशेब सांगतात: भांबावलेपण जायला तीन दिवस, दिनक्रम अंगवळणी पडायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने. प्रत्येक कुत्र्याचे वेळापत्रक असेच नसते, पण दुसऱ्याच दिवशी ‘हा खातच नाही’ म्हणून घाबरणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक असलेला बरा. आणि एक वाक्य दोघांच्या सहीने लिहून ठेवावे: नाही जमले तर कुत्रा परस्पर कुणाला न देता आधीच्या मालकाला कळवायचे. नात्यात किंवा मित्राला देतानाही हे लिहावे, अवघडल्यासारखे वाटले तरी.

आपल्याला एक विनंती आहे. अशी जाहिरात घेताना कुत्र्याचे वय, नर की मादी, निर्बीजीकरण आणि लसीकरण झाले का, आणि देण्याचे कारण एवढे विचारून ते छापावे. मजकूर दोन ओळींनी वाढेल, पण वाचणाऱ्याला फोन करण्यापूर्वीच अंदाज येईल. आठ आठवड्यांहून लहान, आईवेगळी करून द्यायची पिल्ले असतील, तर ती जाहिरात तेवढे दिवस थांबवावी. चावण्याचा जोर आवरायला आणि दुसऱ्या कुत्र्यांशी वागायला पिल्लू याच काळात आई आणि भावंडांकडून शिकते, आणि ते पुढे माणसांनी त्याला शिकवणे फार जड जाते.

आपली,
एक नियमित वाचक