विहिरीमागचा तुकडा

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "आहे तेच वानरं खातात, मग आणखी जागा कशाला खणतेस?" हात मातीचे होते, धड बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

विहिरीमागचा तुकडा तुझ्या आठवणीत गर्द सावलीचा असेल. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तिथल्या पोफळी आणि आजोबांचं जायफळ एका दुपारीत आडवं झालं. बाबा संध्याकाळभर पायरीवर बसून होते. पुन्हा माड लावले, तर साळिंदराने रोपांचे बुंधे कुरतडले. दोनच जगले, आणि त्यांना नारळ धरायला सहा-सात वर्षं तरी हवीत. तोवर तिथे ऊन आहे. आपल्या जांभ्याच्या कातळावर खोल माती मिळणं कठीण, ती ओसाड बघवत नाही गं.

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला आणि दिवाळी झाली तरी हटेना. माठ-मुळ्याचं बी दोनदा कुजलं. म्हणून आता सगळं एकदम पेरत नाही. आठ-आठ दिवसांनी एकेक वाफा, वीतभर उंच, कडेने चर. एक गेला तर पुढचा हाती लागतो. जास्त जागा लागते ती यासाठीच.

वानरं फटाक्यांना चार दिवस घाबरली, मग कौलांवर बसून बघायला लागली. आता वांगी, काकडी घरालगत, माझ्या नजरेत. मागे हळद, आलं, मिरची. त्यांना अजून तरी तोंड लावलेलं नाही. वाफ्यांवर हर्णै बंदरावरची जुनी जाळी टाकली होती. तिच्या लोंबत्या कडेत धामण अडकली. बाबांनी तोंडाकडची बाजू पोत्याने झाकून एकेक दोरा कापला, तास गेला, पण ती जिवंत निघाली. उंदीर तीच तर आवरते! मला रडू आलं. तेव्हापासून जाळी ताणून, जमिनीपासून हातभर वर बांधतो.

नाताळात येशील तेव्हा लाल माठ नक्की असेल. कडवे वाल ओलीवर टोकलेत, त्यांना वेळ आहे. येताना तुझ्याकडची रिकामी पोती आण, केळीचे घड झाकायचे आहेत.

तुझी,
आई