लिफाफाही जपा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सातारा जिल्ह्यात कित्येक घरांतल्या ट्रंकेत फौजेतून आलेली जुनी पत्रे आहेत. पत्र जपतात आणि लिफाफा टाकतात, किंवा पोरे तिकीट कापून घेतात. जवान कुठे आहे हे पत्रात लिहायची मुभाच नसे. तो माग लिफाफ्यावरच्या शिक्क्यातच मिळतो.

त्या शिक्क्यावर गाव नसते. 'एफपीओ' आणि एक आकडा असतो. फील्ड पोस्ट ऑफिस फौजेबरोबर हलते, त्यामुळे एकच आकडा मार्चमध्ये एका मुलखात आणि दिवाळीला भलतीकडेच. म्हणून तारीख आकड्याइतकीच मोलाची, आणि तिकीट कापले की नेमकी अर्धी तारीख त्याबरोबर जाते. कोणता आकडा कधी कुठे होता, याच्या याद्या टपाल-संग्राहकांकडे असतात. '५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) म्हणजे काश्मीर, असे मात्र धरू नये. ते टपाल दिल्लीच्या आणि '९९ एपीओ'चे कोलकात्याच्या तळावरून युनिटवार फुटते, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्या महायुद्धातल्या, १९१४ नंतरच्या तिकिटांवर 'आय.ई.एफ.' (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी मोहिमेवर गेलेली हिंदी फौज) छापलेले दिसते. शिक्क्यात किंवा पत्त्यात त्यापुढे 'ए' असेल तर फ्रान्स, 'डी' असेल तर मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्याच कूत शहराच्या वेढ्यात होत्या, तेव्हा 'डी' दिसला तर लिफाफा दोनदा पाहावा. मजकूर मोडीत असला तरी शिक्का कुणालाही वाचता येतो.

१९५३ च्या तिकिटावर देवनागरीत 'भारतीय संरक्षा कटक कोरिया' दिसले, तर ते पत्र कोरियन युद्धानंतर युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या, जनरल थोरातांच्या हाताखालच्या भारतीय तुकडीतले. कटक म्हणजे सैन्य. ओडिशाचे कटक समजून असे लिफाफे बाजूला पडतात.

लॅमिनेशन अजिबात करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून शाईत उतरतो. टाचण्या आधी काढाव्यात, पावसाळ्यात गंज कागद खातो. कडुनिंबाचा ओला पाला डाग पाडतो. लिफाफा आणि पत्र दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन करावे, मग घडी उलगडून आम्लरहित कागदात सपाट ठेवावे. कोणाचे पत्र, कोणत्या पलटणीतले, ही नोंद वेगळ्या चिठ्ठीवर करावी आणि तीही पेन्सिलीने.

एक टपाल-संग्राहक, सातारा