चवथीची साफसफाई आणि विहिरीचे पाणी

संपादक महोदय,

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात घरोघरी रंगकाम, घासपूस आणि परसाची सफाई सुरू होते. मूर्ती कशाची असावी यावर दरवर्षी लिहिले जाते, ते योग्यच आहे. पण मूर्ती घरी येण्याआधीच्या पंधरवड्यात आपण पाण्यात काय काय सोडतो, यावर कुणी बोलत नाही.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या रंगाऱ्याने टर्पेंटाइनचे ब्रश विहिरीशेजारच्या दगडावर खंगाळले. मी तिथेच उभी होते, त्याला अडवले नाही. दुसऱ्या दिवशी कळशी वर ओढली तर पाण्यावर रंगीत तवंग! कितीतरी दिवस त्या पाण्याचा घोट घ्यायचा धीर झाला नाही.

भाद्रपदात विहीर तुडुंब असते, पाणी हाताला लागते. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे. वर ओतलेले पाणी गाळून निघेल एवढा कोरडा थर तेव्हा उरलेलाच नसतो. संडासात बाटलीभर ॲसिड ओतले की सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मरतात आणि अर्धवट कुजलेली घाण शोषखड्ड्यातून त्याच पाण्याकडे निघते. ब्रश आणि साबणाने संडास स्वच्छ होतो, हा माझा अनुभव आहे.

कुळागरातही, म्हणजे पोफळीच्या बागेतही, तेच. मुसळधार पावसात पोफळीच्या आळ्यात टाकलेला युरिया मुळांना लागण्याआधीच वाहतो, काही नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली तर सर्वांत मोठा धोका वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना, कारण त्यांचे दूध याच पाण्यात कालवले जाते. खत पावसाच्या उघडिपीत, थोडे थोडे द्यावे आणि आळ्यावर झावळ्या पसराव्यात.

नळाचे पाणी पिणाऱ्यांनी हा प्रश्न विहीरवाल्यांचा समजू नये. फोंडा-पणजीला जाणारे ओपा जलशुद्धीकरण केंद्राचे पाणी खांडेपार नदीचेच आहे, आणि वाटेवरच्या गावांतले ओहोळ तिलाच मिळतात.

नेवऱ्या तळून उरलेले तेल आम्ही आता मोरीत ओतत नाही, जुन्या कागदात टिपून कचऱ्यात देतो. रंगाच्या डब्यांचे, थिनरचे मात्र काय करावे? पंचायतींनी चवथीआधी निदान एक दिवस ते वेगळे गोळा करावेत, ही कळकळीची विनंती.

— एक गृहिणी, सावईवेरे, फोंडा