घाट चढल्यावर एक मिनिट

लातूर
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परळीहून येऊन आठवडा झाला, पण गाडीत बसून आलेला तो दिवस डोक्यातून जात नाही. वैजनाथाचं दर्शन निवांत झालं, वहिनींनी बांधून आणलेल्या धपाट्यांची चव अजून जिभेवर आहे. तुझी नवी गाडी तर मला मनापासून आवडली. तरी घाट चढून अंबाजोगाईत चहाला थांबलो तेव्हा मी गप्प गप्प होतो. तू विचारलंसही, "काय झालं रे?" मी "काही नाही" म्हणालो. लेकरं मागं बसली होती, वहिनी आनंदात होत्या, नव्या गाडीच्या पहिल्या देवदर्शनाला मास्तरकी कशाला करायची, असं वाटलं. पण तुझ्या गाडी चालवण्याबद्दल न बोलता राहवत नाही, म्हणून हे पत्र.

सकाळी निघताना तू चावी फिरवलीस आणि गाडी जागेवरच दोनदा रेस केलीस. आपल्याकडं सगळेच करतात, जुन्या जीपला ते चालून जायचं. तुझ्या गाडीला टर्बो आहे. तू विचारलं होतंस ना, की ९९९ सीसीचं एवढंसं इंजिन एवढी ओढ कुठून आणतं? चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी आपल्या देशात कमी करात बसते, म्हणून कंपन्या इंजिन लहान ठेवतात आणि त्याला टर्बो जोडतात. सायलेन्सरकडं वाया जाणारा गरम धूर एका पंख्यावर सोडायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. हवा जास्त तेवढं पेट्रोल जास्त जळतं, आणि ताकद वाढते. कल्पना फार जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं.

आता हे नीट वाच. तो दांडा करंगळीएवढाही जाड नसतो आणि जोरात गाडी चालवताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. एका टोकाला बाहेरची हवा, दुसऱ्या टोकाला पेट्रोल इंजिनाचा नऊशे अंशांच्या पुढं जाणारा धूर. एवढ्या वेगात धातूला धातू लागला तर तो क्षणभर टिकणार नाही. दांडा ज्या गोल कड्यात फिरतो ते बुश आणि दांडा यांच्यात केसापेक्षा बारीक फट असते आणि तिच्यात ऑइल दाबानं खेळत असतं. दांडा त्या ऑइलवर तरंगतो. तेच ऑइल त्याला गारही ठेवतं. टर्बोचं सगळं आयुष्य त्या ऑइलच्या पापुद्र्यावर आहे.

रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि थंडीत घट्ट होतं. चालू केल्यावर ते वर टर्बोपर्यंत पूर्ण दाबानं पोचायला काही सेकंद लागतात. नेमकं तेव्हाच रेस दिली तर दांडा अर्धवट कोरडा फिरतो. त्यामुळं चालू कर, सीट बेल्ट लाव, आरसे बघ, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, खाली स्थिरावू दे आणि निघ. दहा मिनिटं जागेवर धडधडत ठेवायची मात्र गरज नाही. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलात उतरून ते पातळ करतं. चालवतच गरम कर, फक्त हळू. तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे झालं, असं समजू नकोस. तो काटा पाण्याचा असतो, ऑइल त्याच्या मागून तापतं. काटा वर आल्यावरही पाच-सात किलोमीटर पाय हलकाच ठेव.

परतीच्या वाटेवर ती उसाची ट्रॉली आडवी आली, आठवतं? कारखाने सुरू झाले की आपल्या रस्त्यांवर ते ठरलेलंच. तिच्या मागं तू पाचव्या गिअरात चाळीसच्या वेगानं रांगत होतास, आणि रस्ता मोकळा दिसताच गिअर न बदलता पाय पूर्ण दाबलास. गाडी घरघरली, मग उचलली. मला त्या घरघरीनं जास्त काळजी वाटली. तुझ्या गाडीत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. कमी आरपीएम आणि टर्बोचा पूर्ण दाब एकत्र आले की ऑइलच्या बारीक थेंबामुळं किंवा कार्बनच्या कणामुळं मिश्रण प्लगची ठिणगी पडायच्या आधीच पेट घेऊ शकतं. पिस्टन अजून वर चढत असतो आणि वरून स्फोट त्याला खाली ढकलतो. हे जोरात झालं तर रिंगांच्या मधली पिस्टनची कडा तुटते. मग इंजिन उघडावंच लागतं. म्हणून ट्रॉलीमागं तिसऱ्यात ये, आरपीएम दोन हजारांच्या वर असू दे आणि मगच दाब. एवढ्यानं पेट्रोल काही संपत नाही. ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं आहे का तेही बघ, २०२० साली आलेल्या त्या दर्जात याच दोषाची चाचणी घेतलेली असते. ग्रेड मात्र मॅन्युअलात दिलेला तोच घाल. दुकानदार "थोडं जाड टाका, आपल्याकडं ऊन फार" म्हणेल, त्याचं ऐकू नकोस.

आणि आता चहाच्या टपरीचं. घाटात लोड घेऊन गाडी वर आली, तू टपरीसमोर वळवलीस आणि थांबता क्षणी बंद केलीस. माझ्या पोटात गोळा आला, कारण मी हे भोगलेलं आहे. वडिलांना तपासायला संभाजीनगरला नेत होतो ते वर्ष तुला आठवत असेल. दर पंधरा दिवसांनी फेरी, जुनी टर्बो डिझेल. येताना बीड सोडून मांजरसुंब्याचा घाट चढायचा, वर आलं की वडिलांना चहा लागायचा, आणि मी डिझेल वाचावं म्हणून थांबल्या थांबल्या चावी काढायचो. वर्षभर हेच चाललं. एका रात्री घाट चढताना मागं निळा धूर दिसला आणि ओढच गेली. वडील थकलेले, रस्त्याच्या कडेला अंधारात तीन तास बसून राहिलो. टर्बो उघडला तेव्हा दांडा बोटानं हलत होता आणि ऑइल परत जायच्या नळीत काळी कीट घट्ट बसली होती. शेंगदाण्याचं तेल करपून कढईला धरतं ना, तशीच. गाडी बंद केली की ऑइलचा पंप थांबतो, पण पंख्याकडचं लोखंड लालबुंद असतं. त्याची उष्णता बुशात साठलेल्या ऑइलात शिरते आणि ते जागेवर जळतं. दर फेरीला थोडं थोडं. त्या रात्रीनंतर मी गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो, आणि तुला सांगायचं राहिलं याची खंत वाटते.

घाट चढून किंवा पळवून आलास तर एक मिनिट गाडी तशीच चालू राहू दे. त्याहून चांगलं म्हणजे थांबायच्या आधीचे एक-दोन किलोमीटर हळू ये, गार होणं चालता चालताच होतं. गावातल्या गावात बाजारातून आलास तर काही थांबायची गरज नाही, तिथं टर्बो फारसा तापत नाही. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याची वाट असते आणि काहींत बंद केल्यावरही पंखा किंवा छोटा विजेचा पंप चालतो, ते चांगलंच आहे. पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. सिग्नलला गाडी आपोआप बंद करणारी सोय असेल तर घाट उतरेपर्यंत तिचं बटण बंद कर. समृद्धीवर जालन्याकडून तासन्‌तास १२० नं आलास आणि पंपावर शिरलास, तर तिथंही हाच नियम.

तुझी शाळा घरापासून तीन किलोमीटर. तेवढ्यात ऑइल पुरतं तापत नाही, ओल आणि पेट्रोल त्यात साचतात. कंपनीनं दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष म्हटलंय ना, तुझे तेवढे होणार नाहीत, तरी ऑइल वर्षाला बदल. माझं मत विचारशील तर सहा-आठ महिन्यांनीच. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आण. तुझ्या भावाच्या डिझेलला तर हे जास्तच लागू आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो लांब पल्ल्याला तापूनच स्वतःला साफ करतो.

शेतावर जातोस, त्या मुरमाच्या रस्त्याचा फुफाटा एअर फिल्टरला किती लागतो ते मी रोज बघतो. दर पाच हजारांना उघडून बघ. फाटका किंवा नीट न बसलेला फिल्टर असला की धूळ सरळ हवेच्या पंख्यावर जाते आणि त्याची पाती झिजवते. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारून साफ करू देऊ नकोस, कागद फाटतो. नवा घाल, महाग नसतो.

ऑइलची पट्टी महिन्यातून दोनदा बघ, सपाट जागी, गाडी बंद करून थोड्या वेळानं. खुणेच्या वरही नको. आणि कधी सायरनसारखी शिट्टी आली, निळा धूर दिसला किंवा ओढ एकदम कमी झाली, तर तशीच दामटत घरी आणू नकोस. बाजूला घे आणि मला फोन कर. रात्र असली तरी कर.

पुढच्या महिन्यात हुरडा सुरू होईल. वहिनींना आणि लेकरांना घेऊन रविवारी इकडं ये. येताना गाडीचं मॅन्युअल आण, ऑइलचं पान आपण मिळून बघू. औशाच्या रस्त्यावर गॅरेजसमोर पोचलास की मी शटरपाशीच उभा असेन. गाडी लगेच बंद करू नकोस.

तुझाच,
लातूरचा मिस्त्री