पहिल्या तासाच्या सिस्टरांना

नमस्कार सिस्टर,

माझी मुलगी सेप्सिसमधून, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयवच धोक्यात येतात त्या आजारातून, बरी होऊन घरी आली. सगळे मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूचे आभार मानतात, मीही मानले. पण तिथल्या डॉक्टरांनीच मला सांगितलं, "खरं काम आधीच्या दवाखान्यात झालं होतं." म्हणून हे पत्र तुम्हाला आणि त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरांना.

तुम्ही मला केसपेपर काढायला पाठवलं नाहीत. तिला थेट आत घेतलंत, ऑक्सिजन लावलात, बोटाचं नख दाबून सोडलंत. रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला, म्हणजे रक्ताभिसरण मंदावलं होतं. बीपी मात्र ठीक होतं. लहान मुलांचं बीपी अगदी शेवटी पडतं, त्याची वाट बघायची नसते, हे मला नंतर कळलं. शीर सापडेना, तेव्हा गुडघ्याखाली हाडात सुई घातलीत. बघवत नव्हतं. पण तासाच्या आत पहिलं अँटिबायोटिक गेलं ते त्या सुईतूनच.

सलाईन भराभर का सोडत नाही, असं मी विचारलं. तेवढ्या धावपळीतही डॉक्टरांनी उत्तर दिलं: इथे व्हेंटिलेटर नाही, फुप्फुसात पाणी साचलं तर सावरता येणार नाही. पुढे मी याबद्दल वाचलं. आफ्रिकेतल्या आयसीयू नसलेल्या रुग्णालयांमध्ये ३ हजारांहून जास्त आजारी मुलांचा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सलाईन झपाट्याने दिलं, त्यांच्यापैकी १०.५ टक्के मुलं ४८ तासांत दगावली. ज्यांना तसं दिलं नाही, त्यांच्यातली ७.३ टक्के. २०२० च्या सेप्सिसच्या मार्गदर्शक सूचनाही आयसीयू आहे की नाही, हे बघूनच सलाईनचं माप ठरवतात. आयसीयूत तिला नंतर जास्त सलाईन दिलं, पण पाणी जास्त तर होत नाही ना, हे बघायला दर वेळी यकृत आणि छाती तपासत. दोन्ही ठिकाणचे निर्णय बरोबर होते. आपल्याकडे काय नाही हे ओळखून उपचार करायला फार मोठी समज लागते, असं मला मनापासून वाटतं.

निघण्याआधी तुम्ही पुढे फोन केलात. चिठ्ठीवर वजन, प्रत्येक औषधाचा डोस आणि वेळ लिहिलीत, आणि स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसलात. त्यामुळे तिथे बेड तयार होता, कुणाला काही पुन्हा विचारावं लागलं नाही.

पाठवलेल्या मुलाचं पुढे काय झालं, हे तुमच्यापर्यंत क्वचितच पोचत असेल. म्हणून कळवतो: व्हेंटिलेटर लागला नाही, किडनी व्यवस्थित आहे, हाडातल्या सुईची जागा भरून आली आहे. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सोबत जोडली आहे, डॉक्टरांनाही दाखवा.

तुमचा ऋणी,
तिचा बाबा